रस्ता गुळगुळीत झाला, मग डिझेल का वाचले नाही?

अमरावती-अकोला रस्त्याची एकेकाळची दुर्दशा वऱ्हाडातल्या वाचकांना सांगायला नको. काळी कापसाची जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर टाकलेला रस्ताही तिच्याबरोबर फुगतो आणि खचतो. याच रस्त्यावर, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ५३ वर (जुना क्रमांक ६), जून २०२२ मध्ये एक जागतिक विक्रम झाला. ३ ते ७ जून या काळात १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लांबीची एक मार्गिका सलग डांबरी काँक्रीटने मढवण्यात आली. गिनेस बुकात त्याची नोंद झाली. त्याआधीचा विक्रम कतारमधील दोहा येथे २०१९ साली झाला होता; तिथे २५ किलोमीटरांच्या थोड्या अधिक लांबीला दहा दिवस लागले होते.

रस्ता सुधारला की गाडीला डिझेल कमी लागावे, ही अपेक्षा रास्त आहे. पण या रस्त्यावर कापूस, तूर, संत्री वाहणाऱ्या पिकअपवाल्यांशी बोलून पाहा. ‘गाडी हलकी पळते, वेळ वाचतो, पण अ‍ॅव्हरेज काही वाढला नाही,’ अशा अर्थाचे उत्तर अनेकदा मिळते. कोणी डिझेलमधल्या भेसळीला दोष देतो, कोणी गाडीच्या कंपनीला. हे कोडे नववी-दहावीच्या भौतिकशास्त्रात जे बल, कार्य आणि ऊर्जा आपण शिकवतो, तेवढ्यावर सुटते. आणि ते सोडवताना कंपनीने सांगितलेला आकडा प्रत्यक्षात का मिळत नाही, मागे ट्रॉली जोडली की काय होते, हेही कळत जाते.

एका लिटरचा हिशेब

एक लिटर डिझेल जाळले की सुमारे ३६ मेगाज्यूल उष्णता मिळते. ती सगळी चाकांपर्यंत पोहोचत नाही. बरीचशी सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून हवेत जाते, काही इंजिनाच्या आणि गिअरच्या आतील घर्षणात जाते. चांगले डिझेल इंजिन सर्वांत अनुकूल स्थितीत ४० टक्क्यांच्या आसपास ऊर्जा कामी आणते. रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीची सरासरी मात्र पाव ते तीस टक्के धरावी. आपण २८ टक्के धरू. म्हणजे लिटरमागे चाकांना मिळाले जवळजवळ १० मेगाज्यूल.

हा आकडा सोयीचा आहे. कार्य म्हणजे बल गुणिले अंतर. १० मेगाज्यूल म्हणजे १०,००० न्यूटन बल एक किलोमीटरभर लावण्याचे कार्य. मग गाडीला पुढे नेण्यासाठी जेवढे न्यूटन बल लागते त्याने १०,००० ला भागले, की लिटरमागे किती किलोमीटर हे आपोआप मिळते. बल ५०० न्यूटन असेल तर २० किलोमीटर, १,००० न्यूटन असेल तर १० किलोमीटर. ड्रायव्हर ज्याला ‘अ‍ॅव्हरेज’ म्हणतो तो गाडीच्या अंगी जन्मजात असलेला गुण नव्हे. तो गाडी, माल, रस्ता, हवा आणि वेग या सर्वांच्या विरोधातून निघालेला भागाकार आहे.

सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाणाऱ्या गाडीला दोनच गोष्टी विरोध करतात : चाके आणि हवा.

चाकाचा विरोध आधी पाहू. टायर जमिनीला टेकतो तिथे दबतो आणि पुढे गेला की पुन्हा फुगतो. दाबताना जेवढी ऊर्जा खर्च होते तेवढी रबर परत देत नाही. काही उष्णतेच्या रूपाने आत राहते. शंभर किलोमीटर चालून आलेल्या गाडीच्या टायरला हात लावून पाहिला तर ती उष्णता जाणवते. चांगल्या डांबरी रस्त्यावर हा विरोध टनामागे साधारण १२ किलो वजनाच्या ओढीएवढा असतो. उखडलेल्या रस्त्यावर तो १८-२० किलोंवर जातो, मुरुमाच्या रस्त्यावर २०-३० किलोंवर, तर नांगरटीच्या भुसभुशीत रानात शंभर किलोंच्याही वर. बैल सतत काम करताना आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढी ओढ देऊ शकतो, असा ढोबळ ठोकताळा आहे. सातशे-आठशे किलोंची जोडी म्हणजे ७०-८० किलोंची ओढ. पावसाळ्यात रानातली बंडी का रुतते आणि तीच बंडी सडकेला लागली की का सुटते, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. या विरोधाचे एक वैशिष्ट्य लक्षात ठेवावे : तो वजनाच्या प्रमाणात वाढतो, पण वेगाने फारसा बदलत नाही.

हवेचे नेमके उलट आहे. तिला वजनाशी देणेघेणे नाही. तिला गाडीचा समोरून दिसणारा आकार आणि वेग यांच्याशी मतलब. गाडी पुढे जाते तेव्हा समोरची हवा बाजूला ढकलते. वेग दुप्पट केला तर दर सेकंदाला दुप्पट हवा वाटेत येते, शिवाय त्या प्रत्येक भागाला दुप्पट वेगाने ढकलावे लागते. म्हणून विरोध चौपट. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो हे विधान विद्यार्थी पाठ करतात. ते असे समजावले तर पाठ करावे लागत नाही.

आता आपल्याकडे सर्रास दिसणारी पिकअप घेऊ. ड्रायव्हर आणि क्लीनर धरून रिकामी गाडी १,८०० किलो. हौद्यात १२ क्विंटल तूर, म्हणजे एकूण ३ टन. तुरीची पोती केबिनच्या उंचीच्या आत बसतात, त्यामुळे समोरचा आकार रिकाम्या आणि भरल्या गाडीचा सारखाच. या आकाराच्या गाडीला ताशी ६० किलोमीटरला हवेचा विरोध सुमारे २३० न्यूटन होतो आणि ८० किलोमीटरला सुमारे ४०७ न्यूटन. चाकांचा विरोध भरल्या गाडीला ३५३ न्यूटन, रिकाम्या गाडीला २१२ न्यूटन.

बेरीज करून १०,००० ला भागा. भरलेली गाडी ६० च्या वेगाने लिटरमागे १७ किलोमीटर, ८० च्या वेगाने १३ किलोमीटर. रिकामी गाडी ६० ला साधारण साडेबावीस, ८० ला १६.

या चार आकड्यांपैकी दोन शेजारी ठेवून पाहा. बारा क्विंटल तूर घेऊन साठच्या वेगाने जाणाऱ्या गाडीपेक्षा ऐंशीने परत येणाऱ्या रिकाम्या गाडीला डिझेल थोडे जास्तच लागते! शिवाय हलक्या कामावर इंजिनाची कार्यक्षमता घटते हे आपण हिशेबात धरलेले नाही. ते धरले तर रिकाम्या गाडीची बाजू आणखी लंगडी पडते. ‘गाडी खाली आहे, चालू दे जोरात,’ हा विचार आपल्या हाडीमासी इतका मुरला आहे की हे उत्तर पचायला जड जाते.

मूळ कोड्याचे उत्तरही इथेच आहे. जुन्या, उखडलेल्या रस्त्यावर चाकांचा विरोध टनामागे १२ ऐवजी १८ किलो होता असे समजा. भरल्या गाडीला ६० च्या वेगाने एकूण सुमारे ७६० न्यूटन लागत होते, म्हणजे लिटरला १३ किलोमीटर. रस्ता गुळगुळीत झाला, आणि वेग साठच राहिला असता तर १७ मिळाले असते. पण गुळगुळीत रस्त्यावर साठने कोण जातो? काटा ऐंशीवर गेला आणि हिशेब पुन्हा १३ वर आला. टायरने वाचवलेले डिझेल हवेने घेतले. रस्त्याने आपले काम चोख केले होते. त्याचे फळ ड्रायव्हरने डिझेलऐवजी वेळेच्या रूपात घेतले, एवढेच. तसे घेण्यात काही गैर नाही, पण ते माहीत असून घेतलेले बरे.

क्विंटलभर तूर आणि क्विंटलभर कापूस

वजनकाट्यावर दोन्ही सारखेच. डिझेलच्या काट्यावर मात्र नाहीत.

हंगामात, म्हणजे दिवाळीनंतर संक्रांतीपर्यंत, जिनिंगच्या दिशेने निघालेली कापसाची पिकअप आठवा. दहा क्विंटल सुटा कापूस भरायचा तर ढीग केबिनच्या वर माणसाच्या कमरेएवढा तरी जातो, फाळक्यांच्या बाहेर फुगतो, आणि वरून ताडपत्री दोरांनी आवळलेली असते. गाडीचा समोरचा आकार त्यामुळे पावणेदोन पटींच्याही वर जातो. केबिनवर उभी राहिलेली ती सपाट, फडफडणारी भिंत हवेला मुळीच मानवत नाही. हवेचा विरोध १.८ पट झाला असे धरू. ६० च्या वेगाला तो ४१२ न्यूटन होतो, ८० ला ७३३ न्यूटन. वजन तुरीच्या गाडीपेक्षा कमी, २,८०० किलो, म्हणून चाकांचा विरोध थोडा कमी, ३२९ न्यूटन.

अमरावती-अकोला अंतर हिशेबासाठी १०० किलोमीटर धरले, तर तुरीच्या गाडीला ६० च्या वेगाने ५.८ लिटर लागतात, क्विंटलमागे अर्ध्या लिटरहून किंचित कमी. कापसाच्या गाडीला त्याच वेगाने ७.४ लिटर, क्विंटलमागे पाऊण लिटर. आणि कापसाची गाडी ८० ने पिटाळली तर साडेदहा लिटरच्या वर, म्हणजे क्विंटलमागे एक लिटरहून जास्त. तुरीच्या दुप्पट! कापूस हलका आहे म्हणून गाडीला त्रास नाही, हा समज मोडण्यासाठी इतके पुरे. सोयाबीनचे किंवा तुरीचे कुटार वाहणाऱ्यांनाही हेच लागू आहे, किंबहुना जास्तच.

आता फेरीचा पैशांतला हिशेब करू. जाताना कापूस, येताना रिकामी गाडी. ६० च्या वेगाने जाणे-येणे मिळून ११.८ लिटर, ८० च्या वेगाने १६.८ लिटर. फरक पाच लिटर. लिटरला ९० रुपये धरले तर ४५० रुपये. आणि वाचलेला वेळ? एका बाजूला पंचवीस मिनिटे, दोन्ही मिळून पन्नास. इंजिनावर भार वाढला की त्याची कार्यक्षमता थोडी सुधारते, त्यामुळे प्रत्यक्षात फरक पाचऐवजी चार लिटरच्या आसपास निघावा. तरीही पन्नास मिनिटांना साडेतीनशे-चारशे रुपये पडले. त्या पन्नास मिनिटांत आणखी एक भाडे मिळणार असेल तर सौदा फायद्याचा. जिनिंगच्या फाटकासमोर रांगेतच उभे राहायचे असेल तर ते पैसे वाऱ्यावर गेले, अगदी शब्दशः. दर किलोमीटरचा भाव ठरवून भाडे घेणारे बहुतेक पिकअपवाले तूर आणि कापूस यांना एकच भाव सांगतात. त्यांच्या हिशेबातली ही फट मला फार महत्त्वाची वाटते, कारण महिन्याचा बँकेचा हप्ता भरण्याएवढे पैसे सुटतात की नाही हे अशा फटींवरच ठरते.

आणखी एक गोष्ट. १२ क्विंटल माल भरल्याने शंभर किलोमीटरला फक्त १.४ लिटर वाढले. रिकाम्या गाडीलाच ४.४ लिटर लागत होते. म्हणजे खर्चाचा मोठा भाग गाडी स्वतःला वाहून नेण्यातच जातो. परतीचे भाडे मिळवण्यासाठी ड्रायव्हर बाजार समितीजवळ दोन तास थांबतो, ते अडाणीपणाचे नसते.

टोचन

माल वाढवल्याने डिझेल थोडेच वाढते, मग मागे एक ट्रॉलीच जोडली तर? आपल्याकडे ट्रॉली म्हटले की ट्रॅक्टर आठवतो. पिकअपच्या मागे फार तर सिमेंट कालवायचा मिक्सर, जनरेटर, नाहीतर बंद पडलेली दुसरी गाडी टोचन करून नेलेली दिसते. अमेरिकेत मात्र अनेक जण पिकअप ओढण्यासाठीही वापरतात : कोणी घोडे नेतो, कोणी होडी, कोणी चाकांवरचे घर. तरीही तिथल्या सरकारी इंधन-लेबलवर ट्रॉलीसह गाडी किती चालेल याचा आकडा नसतो. का नसतो, ते पुढच्या हिशेबावरून कळेल.

ट्रॉलीचे वजन ७०० किलो, तिच्यात १० क्विंटल माल. ट्रॉलीच्या टायरांकडे आपण सहसा लक्ष देत नाही, हवा कमीच असते. म्हणून टनामागे १५ किलो विरोध धरू. तो २५० न्यूटन होतो. ट्रॉली ठेंगणी, केबिनच्या आडोशात बसणारी असेल तर हवेचा जादा विरोध ६० च्या वेगाला साधारण ६० न्यूटनच. तुरीने भरलेल्या गाडीच्या ५८२ न्यूटनमध्ये हे मिळवले की ८९२ न्यूटन झाले. लिटरला १७ ऐवजी ११ किलोमीटर. ड्रायव्हर म्हणेल, अ‍ॅव्हरेज बसला. पण माल बारा क्विंटलचा बावीस झाला. शंभर किलोमीटरला ८.९ लिटर, म्हणजे क्विंटलमागे ०.४ लिटर, ट्रॉलीविना तो ०.४८ होता. लिटरमागे किलोमीटर घटले आणि क्विंटलमागे डिझेलही घटले. दोन्ही एकाच वेळी खरे.

आता त्याच ट्रॉलीत वजन तेवढेच पण उंच कापूस भरा. केबिनच्या आडोशाबाहेर आलेली ही दुसरी भिंत ६० च्या वेगाला ३०० न्यूटनची भर घालते. एकूण ११४० न्यूटनच्या जवळ, लिटरला नऊ किलोमीटरही नाहीत. ट्रॉलीविना मिळत होते त्याच्या जवळजवळ निम्मे. वजन तेच, चाके तीच, केवळ उंचीने हा फरक केला. ट्रॉली काय आकाराची, हे माहीत नसताना सरकारने लेबलवर कोणता एक आकडा छापायचा?

टोचनाचा आदर्श नमुना वऱ्हाडातच होता. मूर्तिजापूरहून एका बाजूला यवतमाळ आणि दुसऱ्या बाजूला अचलपूरकडे जाणारी अरुंद मापाची रेल्वे, आपली ‘शकुंतला’, ब्रिटिश कंपनीने घातली ती इथला कापूस बाहेर नेण्यासाठी. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते. नंतर डिझेलचे आले. गेली काही वर्षे ती धावत नाही. लोखंडी रुळावर लोखंडी चाकाचा विरोध टनामागे दोन-तीन किलोंच्या घरात असतो, टायरच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढा. शिवाय डबे एकामागे एक असल्याने हवा कापण्याचे काम पुढचे इंजिन करते आणि बाकीचे त्याच्या आडोशाने जातात. आगगाडी म्हणजे कमी विरोधाची चाके, एकाच्या आडोशाला दुसरा, आणि सावकाश चाल. डिझेल वाचवण्याच्या तिन्ही युक्त्या तिच्यात एकत्र आल्या आहेत.

मात्र वरचा हिशेब वाचून कोणी पिकअपमागे ट्रॉली जोडू नये. हा हिशेब डिझेलचा आहे, ब्रेकचा नाही. तीन टनांची गाडी ६० च्या वेगात असताना तिच्यात सुमारे ४.२ लाख ज्यूल गतिज ऊर्जा असते. ट्रॉलीसह वजन ४.७ टन होते आणि ऊर्जा साडेसहा लाखांवर जाते. ती सगळी गाडीच्या ब्रेकांनाच उष्णतेत बदलावी लागते, कारण आपल्याकडच्या अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. उतारावर अचानक ब्रेक लावला तर मागची ट्रॉली पुढच्या गाडीला ढकलते आणि आडवी करते. हौद्यात क्षमतेपेक्षा जास्त माल भरण्याचेही तसेच. क्विंटलभर जादा मालाने चाकांचा विरोध फक्त १२ न्यूटनने वाढतो, म्हणून मोह होतो. पण अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांवर मोठ्या प्रमाणात चाचण्या झाल्या. त्यांतून असे दिसले की रस्त्याची झीज आसावरील भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट तर झीज सोळापट. आज जादा माल नेऊन वाचवलेले डिझेल उद्या उखडलेल्या रस्त्यावर सर्वांच्याच टाकीतून जाते.

थांबे, वारा, घाट

याच गतिज ऊर्जेमुळे थांबेही महागात पडतात. भरलेली गाडी ६० वरून थांबवून पुन्हा ६० वर नेली की सुमारे ४० मिलिलिटर डिझेल गेले, चहाच्या अर्ध्या कपाएवढे. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू, मधले फाटे, गतिरोधक, गुरे, असे पंचवीस थांबे झाले तर एक लिटर. उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवले तर तासाला अर्धा ते पाऊण लिटर, तेही एक इंच पुढे न जाता.

अमरावती समुद्रसपाटीपासून सुमारे ३४० मीटर उंचीवर आहे, अकोला सुमारे २८० मीटरवर. साठ मीटर चढ-उताराने भरल्या गाडीच्या डिझेलमध्ये पाव लिटरचाही फरक पडत नाही. ‘अकोल्याकडे उतार आहे म्हणून गाडी चालते’ हे म्हणणे तेवढ्यापुरतेच खरे. वारा मात्र फरक पाडतो. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून येतो आणि अकोला अमरावतीच्या पश्चिमेला. ताशी २० किलोमीटरचा वारा समोरून असेल तर ६० ने जाणाऱ्या गाडीला हवा ८० ची वाटते. तुरीची गाडी १७ वरून १३ वर येते. परतताना तोच वारा पाठीशी असतो, पण जाताना गेले तेवढे येताना परत मिळत नाही, कारण विरोध वेगाच्या वर्गाने बदलतो. माल तोच ठेवून दोन्ही बाजूंची बेरीज करून पाहावी : वारा नसताना ११.६ लिटर, वारा असताना १२.१.

परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाणारा घाट ही वेगळीच गोष्ट आहे. तीसेक किलोमीटरांत सुमारे ७०० मीटर चढायचे. तीन टन वजन तेवढे उचलायला दोन कोटी ज्यूलांच्या वर, म्हणजे दोन लिटर डिझेल केवळ उंचीसाठी. रस्त्याचा नेहमीचा खर्च वेगळा. ट्रॉली असती तर तीन लिटरच्या वर. उतरताना त्यातले काही परत मिळवण्यासाठी काही ड्रायव्हर गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. ते प्राणघातक आहे, आणि निरर्थकही. आजच्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये ठेवून पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढला की इंधनाचा पुरवठा जवळजवळ बंदच होतो. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू राहण्यापुरते डिझेल जळत राहते.

कंपनीचा आकडा खोटा असतो का?

नसतो. लहान गाड्यांची चाचणी प्रयोगशाळेत, रुळांवर चाके फिरवून घेतात. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६६ पासून अशा कामासाठी आहे. ठरावीक सेकंदाला ठरावीक वेग, असा सुमारे वीस मिनिटांचा तक्ता असतो. त्यात सरासरी वेग ताशी ३० किलोमीटरच्या थोडाच वर आणि कमाल वेग ९०, तोही थोडा वेळ. हौद्यात कापूस नसतो, समोरून वारा नसतो, बोरगावचा गतिरोधक नसतो. दोन कंपन्यांच्या गाड्यांची आपसांत तुलना करायला हा आकडा उत्तम. बियाण्याच्या पिशवीवर लिहिलेला एकरी उतारा आपण जसा घेतो तसा तो घ्यावा. दोन वाणांत निवड करायला उपयोगी, आपल्या रानात काय पिकेल हे सांगायला नाही.

आपला आकडा आपणच काढायचा असतो. टाकी काठोकाठ भरून किलोमीटरचा आकडा लिहावा, गाडी चालवावी, त्याच पंपावर पुन्हा तेवढीच भरावी. भरण्यात एखाद्या लिटरची चूक सहज होते. दहा लिटरमध्ये ती दहा टक्के होईल. म्हणून चार-पाच वेळच्या भरण्याची एकत्र नोंद ठेवावी आणि शेवटी एकूण किलोमीटरांना एकूण लिटरांनी भागावे. दर वेळचा अ‍ॅव्हरेज काढून त्यांची सरासरी घेऊ नये. जाताना लिटरला १० आणि येताना २० मिळाले तर सरासरी १५ नव्हे. दोनशे किलोमीटरांना १० अधिक ५ असे १५ लिटर लागले, म्हणजे १३.३. गणिताच्या शिक्षकांना हरात्मक मध्य शिकवायला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. नोंदवहीत माल काय होता, किती क्विंटल, केबिनच्या वर होता की खाली, आणि साधारण वेग, एवढे चार रकाने वाढवले तर एखाद्या विद्यार्थ्याच्या घरच्या पिकअपवर महिन्याभरात चांगला प्रकल्प होतो.

गाडी नसेल तर हातगाडी चालेल. तिच्यावर पन्नास किलो वाळूचे पोते ठेवा, पुढे ताणकाटा अडकवून एकसारख्या संथ वेगाने ओढा आणि काट्यावरचा आकडा वाचा. सुरुवातीचा झटका सोडून द्या. गाडी चालती झाल्यावरचा आकडा हवा. त्याला हातगाडी आणि पोत्याच्या एकूण वजनाने भागले की त्या जमिनीचा गुणांक मिळाला. आधी व्हरांड्याच्या फरशीवर करा, मग मैदानातल्या मुरुमावर, मग पाऊस पडून गेल्यावर कुंपणापलीकडच्या काळ्या रानात. हातगाडीची चाके लहान आणि टणक असल्याने आकडे वर दिलेल्यांपेक्षा मोठे येतील, पण तिन्हींचा क्रम तोच राहील. शेवटच्या जागी ताणकाटा लहान पडण्याची शक्यता आहे. तिथे पोते अर्धे करावे.